गृहारोग्य : ओंठावरचा फोड आणि यादींतली डोकेदुखी

औषधाच्या खोक्यांत घडी घालून ठेविलेल्या बारीक अक्षरांच्या कागदाशीं आपल्या घरांतील माणसांचें वर्तन बहुधा दोन प्रकारचें असतें. कांहीं जण तो कागद उघडीतच नाहींत. मलमाची नळी तेवढी काढून घेतात व कागद खोक्यासकट केराच्या टोपलींत टाकतात. दुसरे कांहीं जण तो अथपासून इतिपर्यंत वाचतात, आणि त्यांत नमूद केलेला प्रत्येक विकार आपल्या देहांत कोठें सांपडतो काय, याचा शोध करूं लागतात. पहिल्यांस निष्काळजी व दुसऱ्यांस सावध म्हणण्याची रीत आहे. परंतु थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, त्या कागदाचा अर्थ लावण्याचे श्रम दोघांनींही टाळलेले असतात. एकानें न वाचून, दुसऱ्यानें भिऊन.

या सदराकडे आलेल्या पत्रांत एका भगिनीचें पत्र याच स्वरूपाचें आहे. अमेरिकेंत नोकरीस असलेल्या त्यांच्या बंधूंनीं घरीं येतांना ‘अब्रीव्हा’ नांवाच्या मलमाच्या दोन नळ्या आणल्या. या भगिनींच्या सासूबाईंना वर्षांतून दोन-तीन वेळां ओंठाच्या कडेला फोड उठतात. अलीकडे ताप येऊन गेल्यावर ते पुन्हां उठले, त्यांवर तें मलम लावण्यास सुरुवात केली, आणि दुसऱ्याच दिवशीं सासूबाईंचें डोकें दुखूं लागलें. औषधांची माहिती देणाऱ्या एका यादींत पाहतात तों या मलमाच्या ‘नोंदविलेल्या दुष्परिणामां’त डोकेदुखीचें नांव ठळकपणें दिलेलें! मलम तात्काळ बंद करावें काय, व लावलें तेवढ्यानें कांहीं अपाय तर झाला नसेल ना, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो, पण त्याचें महत्त्व लहान नाहीं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मिळणाऱ्या औषधाच्या बाबतींत घरांतील कर्तें माणूस हेंच वैद्य, तेंच परिचारक व तेंच न्यायाधीश असतें. तेव्हां ‘नोंदविलेला दुष्परिणाम’ या शब्दांचा अर्थ त्या न्यायाधीशास नीट ठाऊक असणें अवश्य आहे.

प्रथम रोगाविषयीं. ताप येऊन गेल्यावर, कडक उन्हांत हिंडल्यावर, जागरण अगर मनस्ताप झाल्यावर ओंठाच्या कडेला जे बारीक, पाणीदार फोडांचे पुंजके उठतात, त्यांस आपण तापाचे फोड म्हणतों. इंग्रजी बोलणारे लोक त्यांचा संबंध सर्दीपडशाशींही जोडतात. वास्तविक ताप काय किंवा सर्दी काय, हीं केवळ निमित्तें होत. मूळ कारण ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ नांवाचा विषाणु हें आहे. नागिणीचा विषाणु याचा भाऊबंद खरा, परंतु तो निराळा. हा विषाणु पुष्कळांच्या शरीरांत बाळपणींच, कोणा वडीलधाऱ्याच्या मुक्यावाटे अगर लाळेवाटे, प्रवेश करतो, आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गांठींत जन्मभर मुक्काम करून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांतील पन्नास वर्षांखालील लोकांपैकीं शेंकडा ६४, म्हणजे सुमारें ३८० कोटी लोकांच्या शरीरांत त्याचा वास आहे. त्यांपैकीं अनेकांस हे फोड जन्मांत एकदांही उठत नाहींत. ज्यांना उठतात त्यांच्या बाबतींत त्यांचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. पहिल्या दिवशीं ओंठाला चुरचुर व खाज, दुसऱ्या दिवशीं फोड, तिसऱ्या-चवथ्या दिवशीं ते फुटून ओली जखम, मग खपली, आणि सात ते दहा दिवसांत, औषध लावा अगर न लावा, कातडी पूर्ववत्. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

अब्रीव्हा मलमांतील औषधी द्रव्याचें नांव ‘डोकोसॅनॉल’. बावीस कार्बन-अणूंची लांब सांखळी असलेलें हें मेणासारखें एक अल्कोहोल आहे, व मलमांत त्याचें प्रमाण शेंकडा १० असतें. विषाणूला पेशींत शिरावयाचें म्हणजे आपलें वेष्टन पेशीच्या आवरणाशीं एकजीव करावें लागतें. डोकोसॅनॉल त्या एकजीव होण्याच्या क्रियेंत अडथळा आणतें. आंत शिरून चुकलेल्या विषाणूपुढें त्याचा इलाज चालत नाहीं, आणि म्हणूनच चुरचुर सुरू होतांच तें लावण्याचा आग्रह धरलेला असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००० सालच्या जुलै महिन्यांत हें मलम चिठ्ठीवांचून विकण्यास परवानगी दिली. बारा वर्षांवरील माणसानें दिवसांतून पांच वेळां व फार तर दहा दिवस लावावें, डोळ्यांत अगर डोळ्यांजवळ लावूं नये, तोंडाच्या आंत लावूं नये, आणि आपली नळी दुसऱ्यास वापरण्यास देऊं नये, अशा सूचना त्यावर छापलेल्या असतात.

ज्या प्रयोगांत या मलमाची परीक्षा झाली त्यांचा वृत्तांत अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या मासिकांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदर ७३७ रुग्णांचे दोन गट करण्यांत आले. एका गटास डोकोसॅनॉलचें मलम दिलें, दुसऱ्यास तें द्रव्य नसलेलें नुसतें मलम दिलें. आणि कोणास कोणतें मिळालें हें रुग्णासही कळूं दिलें नाहीं व तपासणाऱ्यासही कळूं दिलें नाहीं. उपचार सुरू झाल्यापासून मोजतां, औषध लावणाऱ्या गटांत मधोमध येणाऱ्या रुग्णाचे फोड ४.१ दिवसांत बरे झाले. नुसतें मलम लावणाऱ्यांपेक्षां सुमारें १८ तास आधीं. म्हणजे दिवसांतून पांच वेळां नेमानें मलम लावण्याचें फळ पाऊण दिवस. हा लाभ खरा आहे, पण तो एवढाच आहे, हेंही विसरूं नये.

आतां त्या डोकेदुखीकडे वळूं. या प्रयोगांत डोकोसॅनॉल लावणाऱ्यांपैकीं दर शंभरांत सुमारें दहा जणांनीं डोकें दुखल्याची तक्रार केली, ही गोष्ट खरी आहे, आणि यादींत ती शिरली ती येथूनच. परंतु ज्यांच्या ओंठावर औषध नव्हतेंच, त्या दुसऱ्या गटांतही दर शंभरांत सुमारें दहाच जणांचीं डोकीं दुखलीं होतीं! मलम लावलेल्या जागीं आग होणें, खाज सुटणें अशा तक्रारी दर शंभरांत दोघा-तिघांच्या होत्या. त्याही दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच. प्रयोग चालू असतां रुग्णाला जें जें होईल तें तें, त्याचा औषधाशीं संबंध दिसो वा न दिसो, लिहून ठेवावें असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. ही वही चित्रगुप्ताच्या वहीसारखी आहे. चित्रगुप्त सर्व कांहीं टिपून ठेवतो. निवाडा देणें हें त्याचें काम नव्हे. आपण मात्र नोंद वाचतों व तोच निवाडा समजून चालतों. डोकेदुखीचा खरा निवाडा दोन्ही गटांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडल्यावरच होतो, आणि यादींत बहुधा एकाच गटाचा आंकडा असतो, किंवा आंकडा मुळींच नसून नुसतें नांव असतें.

येथें कोणी विचारील कीं, औषध नसलेल्या मलमानें तरी इतक्या लोकांचीं डोकीं कां दुखावीं? उत्तर असें कीं, तीं मलमानें दुखलींच नाहींत. कोणत्याही शंभर माणसांवर कांहीं दिवस नजर ठेवली, तर त्यांत डोकें दुखणारे कांहीं जण निघावयाचेच. त्यांतून ज्यांच्या ओंठांवर फोड उठले आहेत अशींच माणसें निवडलीं म्हणजे ही संख्या वाढण्याचाच संभव. कारण फोड ज्या निमित्तांनीं उठतात तीं, म्हणजे ताप, ऊन, जागरण व मनस्ताप, डोकेदुखीचींही निमित्तें आहेत. एकाच कारणाचीं हीं दोन अपत्यें असतां, त्यांतील एकास दुसऱ्याच्या औषधाचा दोष समजणें ही विचाराची गल्लत होय.

या गल्लतीस आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वींच नांव देऊन ठेविलें आहे. कावळा बसावयास व ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडावी, आणि पाहणाऱ्यानें कावळ्यानें फळ पाडलें असें समजावें, हा काकतालीय न्याय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ओंठावरच्या फोडाच्या बाबतींत हा कावळा रोजच येऊन बसतो. वर सांगितलेला रोगाचा क्रम आठवावा. मनुष्य पहिल्या दिवशीं चुरचुर होतांच मलम लावतो. तिसऱ्या दिवशीं फोड फुटून जखम चिघळल्यासारखी दिसते, आणि मलमानें बिघडलें असें तो म्हणतो. त्याच्या शेजारचा जरा धीराचा गृहस्थ आठव्या दिवसापर्यंत तेंच मलम लावीत राहतो, कातडी स्वच्छ होते, आणि मलम रामबाण आहे असें तो सर्वांस सांगत सुटतो. दोघांच्याही ओंठावर रोगानें आपला नेहमींचा मार्ग क्रमिला. पण अपयशाचें खापर फुटलें तें मलमाच्या माथीं आणि यशाची माळ पडली तीही मलमाच्याच गळ्यांत.

इतकें वाचून कोणी असें म्हणूं लागेल कीं, दुष्परिणामांच्या या नोंदी म्हणजे निव्वळ कावळे आणि ताडफळें; त्यांकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं. हा निष्कर्ष पहिल्या भीतीहूनही घातक आहे. कांहीं तक्रारी खऱ्या असतात. डोकोसॅनॉलच्या मलमांत बेंझिल अल्कोहोल व प्रॉपिलीन ग्लायकोल हीं द्रव्यें आधारासाठीं घातलेलीं असतात, आणि कांहीं थोड्या लोकांच्या त्वचेस तीं सोसत नाहींत. अशा माणसास मलम लावलेल्या जागेपुरती लाली, खाज व पुरळ उठते. येथें दोष औषधी द्रव्याचा नसून त्याच्या आधाराचा असूं शकतो. ब्रिटनमध्यें ॲसायक्लोव्हिरचें शेंकडा ५ चें मलम १९९३ सालापासून चिठ्ठीवांचून मिळतें. त्यानें लावतांक्षणीं थोडी आग होणें, मागाहून ओंठ कोरडे पडून सालपटें निघणें, हे प्रकार कांहीं जणांत होतात. आणि क्वचित् एखाद्याच्या ओंठास अगर चेहऱ्यास सूज येते. ही सूज क्वचितच येत असली, तरी ज्याला आली त्यानें मलम पुसून टाकून ताबडतोब डॉक्टर गांठला पाहिजे.

याहून गंभीर उदाहरण ‘बेंझोकेन’ या बधिर करणाऱ्या द्रव्याचें आहे. ओंठावरचे फोड, तोंड येणें, दाढदुखी यांवर चिठ्ठीवांचून विकल्या जाणाऱ्या अनेक परदेशी लेपांत तें असतें. तान्ह्या मुलांच्या हिरड्यांस दांत येतांना चोळण्याच्या लेपांतही तें घातलेलें असे. यानें क्वचित् प्रसंगीं रक्तांतील तांबड्या द्रव्यामधील लोहाची अवस्था पालटते, आणि रक्त प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें. ओंठ व नखें निळसर किंवा राखाडी पडतात, धांप लागते, नाडी जलद चालते. उपाय लवकर न झाल्यास प्राणावरही बेततें. असे प्रसंग एकेकटे, निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या वर्षीं घडले. त्यांच्या नोंदी होत गेल्या म्हणूनच १९७१ पासून ४०० हून अधिक प्रसंग झाल्याचें एकत्र दिसून आलें. आणि २०१८ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें दोन वर्षांखालील मुलांस बेंझोकेन मुळींच लावूं नये असें बजावून, दांत येतांना लावण्याच्या लेपांची विक्री थांबविण्यास कारखानदारांस सांगितलें. विशेष हें कीं, या विकाराच्या लक्षणांतही डोकेदुखी आहे. म्हणजे ‘डोकेदुखी’ हा एकच शब्द एका औषधाच्या यादींत बहुतेक निरर्थक ठरतो, आणि दुसऱ्याच्या यादींत, निळ्या पडलेल्या ओंठांसह आला असतां, धोक्याची घंटा ठरतो.

औषधाच्या दुकानांत ओंठांच्या मलमाशेजारींच सर्दीचीं औषधें मांडलेलीं असतात. त्यांतील एकाची हकीकत या विषयास फार उपकारक आहे. ‘झायकॅम’ या नांवानें जस्ताचा क्षार असलेला, नाकांत घालावयाचा एक लेप अमेरिकेंत सर्दीवर चिठ्ठीवांचून विकला जात असे. तो वापरल्यावर वास येईनासा झाला अशा १३० हून अधिक तक्रारी प्रशासनाकडे जमल्या, आणि २००९ सालच्या जून महिन्यांत हा लेप वापरूं नये असें प्रशासनानें जाहीर केलें. त्यापूर्वींच हा लेप विकणाऱ्या ‘मॅट्रिक्स इनिशिएटिव्ह्ज’ या कंपनीवर, या तक्रारींची वार्ता भागीदारांपासून दडविल्याबद्दल, भागीदारांनीं दावा लावला होता. तक्रारींची संख्या संख्याशास्त्राच्या दृष्टीनें अर्थपूर्ण ठरण्याइतकी नाहीं, सबब त्या जाहीर करण्याचें बंधन आपल्यावर नव्हतें, असें कंपनीचें म्हणणें होतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं एकमतानें तें अमान्य केलें. केवळ संख्या त्या कसोटीस उतरली नाहीं एवढ्यावरून तक्रार बिनमहत्त्वाची ठरत नाहीं. ती कोणत्या प्रकारची आहे, कोणाकडून आली आहे व तिच्या पाठीशीं कार्यकारणभावाचा कांहीं दुवा दिसतो काय, हेंही पाहिलें पाहिजे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. न्यायासनानें सांगितलेली ही रीत घरांतल्या न्यायाधीशासही उपयोगीं पडण्यासारखी आहे.

ती रीत घरगुती भाषेंत मांडावयाची तर पांच प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न काळाचा: त्रास औषध लावण्यापूर्वींच होता, कीं नंतर सुरू झाला, आणि नंतर असल्यास किती वेळानें? दुसरा स्थानाचा: त्रास औषध लावलेल्या जागींच आहे, कीं दूरच्या अवयवांत? तिसरा थांबण्याचा: औषध बंद करतांच त्रास ओसरला काय? चवथा पर्यायाचा: याच त्रासाचें दुसरें सरळ कारण घरांत हजर आहे काय? पांचवा दुर्मिळतेचा: हा त्रास दर आठवड्यास कोणाला ना कोणाला होणारा आहे, कीं एरव्हीं सहसा न आढळणारा? ओंठ निळे पडणें किंवा वासाची शक्ति एकाएकीं जाणें हे प्रकार रोजचे नव्हेत. म्हणून त्यांच्या दहा नोंदी डोकेदुखीच्या हजार नोंदींहून अधिक बोलक्या असतात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या सासूबाईंचें प्रकरण या प्रश्नांवर घासून पाहूं. त्रास मलमानंतर सुरू झाला खरा; परंतु तो ओंठांत नाहीं, डोक्यांत आहे. डोकोसॅनॉल त्वचेवर लावलें असतां रक्तांत मोजण्याइतकें आढळत नाहीं. तेव्हां तें डोक्यापर्यंत पोंचण्याची वाटच दिसत नाहीं. ताप हें दुसरें सरळ कारण आधींच घरांत हजर होतें. आणि डोकेदुखी ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे. म्हणून आमचें उत्तर असें कीं, दोष मलमाचा असण्याचा संभव फार थोडा आहे; लावलें तेवढ्यानें अपाय झाला असेल अशी चिंता करूं नये. जागेवर आग किंवा पुरळ नसेल, तर मलम पुढें लावण्यास हरकत नाहीं. आणि नच लावलें तरी नुकसान पाऊण दिवसाचेंच.

परंतु येथेंच एक इशारा देणें जरूर आहे. डोकेदुखीस ‘मलमाचा दुष्परिणाम’ हें नांव एकदां चिकटलें, कीं तिचें खरें कारण शोधण्याचें काम तेथेंच थांबतें. उतारवयाच्या माणसाचें डोकें वारंवार दुखत असेल, तर रक्तदाब व डोळे तपासून घ्यावे. आणि तीव्र डोकेदुखीबरोबर ताप, गुंगी, असंबद्ध बोलणें किंवा झटके अशीं चिन्हें दिसलीं, तर मलम बंद करून वाट पाहत बसूं नये. एक क्षणही न दवडतां रुग्णालयाचा रस्ता धरावा. हाच विषाणु फार क्वचित् मेंदूस सूज आणतो, आणि तेथें वेळेवर शिरेवाटे दिलेलें औषध जीव वांचवितें. निरपराध मलमास दोषी ठरविण्याचें खरें नुकसान तें हेंच, कीं अपराधी मोकळा राहतो.

आपल्याकडील एका प्रकारासंबंधानें तर यादींत शोधण्याचीही गरज नाहीं. खाज, गजकर्ण, पुरळ, डाग या सर्वांवर एकच मलम घरांत ठेवण्याची व तें शेजाऱ्यापाजाऱ्यांस देण्याची आपल्याकडे संवय आहे. या मलमांत पुष्कळदां बीटामेथासोन किंवा क्लोबिटॅसोल यांसारखें स्टेरॉइड असतें. स्टेरॉइडनें लाली व खाज झपाट्यानें कमी होते, म्हणून माणसाचा त्यावर विश्वास बसतो. परंतु तें त्या जागेची प्रतिकारशक्तीही कमी करतें, आणि विषाणूच्या फोडावर डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें लावणें म्हणजे चोरापुढें दार उघडें टाकणें होय. तोच हात डोळ्यास लागला, तर बुबुळावर जखम होऊन दृष्टीस धोका संभवतो. २०१८ सालीं केंद्र सरकारनें चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवांचून विक्री करण्यास मनाई केली, ती अशा दुरुपयोगामुळेंच. ओंठावरच्या फोडास असलें मलम आपल्या मतानें कदापि लावूं नये.

तसेंच, कोणतेंही मलम लावलें म्हणजे फोड निरुपद्रवी झाला असें समजूं नये. फोड उठल्यापासून खपली पडून कातडी येईपर्यंत त्यांतील विषाणु दुसऱ्यास लागूं शकतो. मोठ्या माणसास त्याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. परंतु अवघ्या कांहीं आठवड्यांच्या बाळास हा विषाणु प्राणघातक होऊं शकतो. बारशाच्या दिवशीं आत्या, मावश्या, आज्या पाळण्याभोंवतीं जमतात व बाळाचा मुका घेण्यास कोणासच कोणी अडवीत नाहीं. ज्यांच्या ओंठावर फोड असेल त्यांनीं त्या दिवशीं आपण होऊन दूर राहावें; बाळाच्या आईवर ‘नको’ म्हणण्याची पाळी आणूं नये. आईच्याच ओंठावर फोड असल्यास तिनें हात स्वच्छ धुवावे, फोड झांकावा व मुका घेऊं नये. ओंठावरील फोडासाठीं अंगावर पाजणें थांबविण्याचें कारण नाहीं, मात्र फोड स्तनावर असल्यास त्या बाजूस पाजूं नये व डॉक्टरांस दाखवावें. ज्यांना इसब आहे अशीं मुलें, व ज्यांची प्रतिकारशक्ति औषधांनीं वा रोगानें क्षीण झाली आहे अशीं माणसें, यांनींही या फोडांस मलमावर न सोडतां डॉक्टर गांठावा. दहा दिवसांत बरा न होणारा, पसरत जाणारा, किंवा डोळ्याजवळ उठलेला फोड हाही घरगुती उपचाराचा विषय नव्हे.

शेवटीं, तक्रार कोठें करावी याविषयीं. थॅलिडोमाइड या औषधामुळें हजारों अर्भकें अपंग जन्मास आल्यावर ब्रिटनमध्यें १९६४ सालीं पिवळ्या कार्डावर दुष्परिणाम कळविण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या देशांत औषध-दक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० सालीं सुरू झाला. त्याचें मुख्य केंद्र गाझियाबाद येथील भारतीय भेषजसंहिता आयोगांत आहे, व त्याचा विनाशुल्क दूरध्वनि १८००-१८०-३०२४ हा आहे. ही तक्रार डॉक्टरांनींच केली पाहिजे असें नाहीं. रुग्णास व त्याच्या घरच्या माणसांसही ती करतां येते, आणि ती करतांना दोष औषधाचाच आहे हें सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर नसतो. अनेक घरांतून आलेल्या अशा कागदांची तुलना करून निवाडा देणें हें तज्ज्ञांचें काम आहे. परंतु कागदच आला नाहीं, तर तज्ज्ञांपुढें तुलनेसाठीं कांहींच राहत नाहीं.

मात्र हा कागद उपयोगी पडण्यास त्यांतील मजकूर नेमका असावा लागतो. आपल्या घरांतून वाणसामानाची, दुधाची व धोब्याची वही चोख ठेविली जाते. तिच्या शेवटचीं चार पानें औषधांसाठीं राखून ठेवावीं. औषधाचें नांव व नळीवर छापलेला घाणा-क्रमांक, पहिल्यानें लावल्याचा दिवस व वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, बंद केल्यावर काय झालें, आणि त्या दिवसांत घेतलेलीं इतर औषधें, काढेचाटणांसह, एवढ्या गोष्टी लिहिण्यास पांच मिनिटें पुरतात. ज्या गृहिणीपाशीं ही चार पानें असतील, तिला यादींतील नांवें वाचून भिण्याचें कारण राहणार नाहीं, आणि डॉक्टरांनीं विचारलें असतां ‘बहुधा परवां असेल’ असें मोघम उत्तर देण्याचा प्रसंगही येणार नाहीं.